इंगोलेबाईंचा पहिला कुत्रा

इंगोलेबाईंनी आम्हाला कुत्रा घेऊ दिला नाही, आणि तिथून आमची ओळख सुरू झाली.

नव्वदनंतरची पहिलीच काही वर्षं. बँकेने माझी बदली लखनौला केली होती, निशातगंजच्या शाखेत. सुधीर, माझा नवरा, सरकारी कंपनीत होता. त्यानेही खटपट करून तिकडेच बदली मागून घेतली. इंदिरा नगरला एका घराचा खालचा मजला भाड्याने मिळाला. पुढे हातभर बाग, मागे छोटं अंगण. मुंबईच्या दीड खोलीतून आलेल्या आम्हाला ती जागा इतकी मोठी वाटायची की संध्याकाळी एकमेकांना हाका मारायला मजा यायची.

पहिल्याच उन्हाळ्यात सुधीर ऑफिसच्या लोकांबरोबर मलिहाबादच्या रस्त्यावरच्या एका आमराईत आंबे खायला गेला. बाग एका म्हाताऱ्या मिर्झासाहेबांची होती. तिथे त्याने पॉइंटर जातीची एक कुत्री पहिल्यांदा पाहिली. पांढरं अंग, त्यावर तपकिरी डाग, लांब पातळ शेपटी. बागेच्या कडेने पळता पळता ती एकाएकी थांबली म्हणे. एक पुढचा पाय वर, नाक समोर, शेपटी ताठ, आणि सगळं अंग जागच्या जागी थिजलेलं. समोरच्या झुडपात तितर पक्षी होता. तो कुणालाच दिसत नव्हता, तिला त्याचा वास आला होता. सुधीर हातातला आंबा खायचा विसरला. घरी आल्यावर सांगायला लागला तो आठवडाभर सांगतच होता. आमच्या दोघांच्याही घरी कधी कुत्रा नव्हता. आता पहिला कुत्रा आणायचा तर असाच, असं त्याने ठरवूनच टाकलं. मिर्झासाहेबांकडे पिल्लं होणार होती. ते देणार म्हणाले, पण त्यांची एक अट होती. "पहले निशातगंज में डॉक्टर इंगोले से मिल लीजिए. आप ही की तरफ़ की हैं. वो हाँ कह दें तो पिल्ला आपका."

म्हणून एका शनिवारी बँक सुटल्यावर आम्ही दोघं बाईंच्या दवाखान्यात गेलो. निशातगंजच्या एका गल्लीत, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. पत्र्याचं एक टेबल, दोन बाकं, भिंतीला गाईचा आडवा छेद दाखवणारा जुना तक्ता. टेबलामागे पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, काळीसावळी, हाडापेराने मोठी बाई. सुती साडी पोटरीपर्यंत वर खोचलेली आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. आम्ही कशासाठी आलो ते सुधीरने हिंदीत सांगितलं. त्यांनी हातातली कोंबडी खाली ठेवली आणि आमची उलटतपासणी घेतली.

घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं. जानेवारीत कोहरा पडतो, समोरचं फाटक दिसत नाही, तेव्हा कुत्र्याला पळवायला कोण नेणार. फिरवायला नाही, पळवायला. जूनमध्ये लूचा भाजणारा वारा सुटतो, सूर्य वर यायच्या आत परत यायला लागतं, तेव्हा कोण नेणार. तुमची बदली झाली तर. आधी कधी कुत्रा पाळलाय का. नाही. घरात कुणी मोठ्या आवाजात बोलतं का. सुधीर हसून म्हणाला, बायको बोलते. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. हा कुत्रा पळण्यासाठी जन्माला येतो. अंगणात हा बसणार नाही, तुमच्या भिंती खाईल. नाकात एकदा वास शिरला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. नवा माणूस मग ओरडतो, आणि ओरडलेलं तर याला अजिबात सोसत नाही, हा आतून मोडतो. पहिल्या कुत्र्यावर माणूस चुका करत शिकतो. त्या चुका पचवणारी जात वेगळी, ही नव्हे. तेव्हा नको.

सुधीर वाद घालू लागला. मी त्याच्या दंडाला धरून हळूच म्हटलं, "चल रे, ही बाई काही ऐकायची नाही."

"ऐकू येते मले," बाई म्हणाल्या.

मी शरमेने लाल झाले. त्यांनी मात्र बाक पुढे ओढलं, समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले आणि आम्ही कुठले, काय, याची चौकशी सुरू केली. बाई परतवाड्याच्या. नागपूरला जनावरांची डॉक्टरी शिकल्या. नवरा इथे रेल्वेत होता, म्हणून लग्नानंतर लखनौला आल्या. तो फार लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि या इथल्याच झाल्या. त्या दिवशी आम्ही कुत्र्याशिवाय घरी आलो. पुढच्या रविवारी बाई जेवायला आल्या आणि मग येतच राहिल्या. आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून त्यांचं छोटं घर होतं.

लखनौतल्या निम्म्या कुत्रेवाल्यांना बाईंनी असं परत पाठवलेलं होतं. तेव्हा जो तो पामेरियन नाहीतर अल्सेशियन आणायचा. बाई विचारायच्या, कशाला हवाय. बहुतेकांना याचं उत्तर देता यायचं नाही. "आवडतो म्हणून" असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, तुम्हाला तो आवडतो हे झालं, त्याला तुमचं घर आवडेल का ते सांगा. लोक चिडायचे, पण जनावर आजारी पडलं की बाईंकडेच यायचे.

जनावरांशी त्या फक्त मराठीत बोलायच्या. आमच्या बँकेतला शिपाई त्याची म्हैस आजारी पडली तेव्हा मला विचारायला आला, मॅडम, ये डॉक्टरनी भैंस को मंतर देती हैं क्या. मी बाईंना सांगितलं. त्यांचं म्हणणं असं, की इथल्या जनावरांचे हिंदी ऐकून ऐकून कान किटलेले असतात. वेगळी बोली कानावर पडली की क्षणभर गप्प होऊन ऐकतात, तेवढ्यात सुई टोचून होते. हे त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या की खरं की खोटं ते मला आजही कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. मी काही कामाने दवाखान्यात गेले होते. एक ठेकेदार आपला म्हातारा अल्सेशियन जीपमधून घेऊन आला होता. कुत्र्याचे मागचे पाय गेले होते, अंगाला जखमा झाल्या होत्या, इंजेक्शन देऊन शांत करण्याशिवाय काही उरलं नव्हतं. भरदार मिशांचा तो माणूस कुत्र्याला टेबलावर ठेवून दाराकडे वळला आणि म्हणाला, आप कर दीजिए, मैं बाहर गाड़ी में हूँ. बाईंनी हातातली सिरिंज खाली ठेवली. त्या म्हणाल्या, मग मी करत नाही. ठेकेदाराला वाटलं, पैसे कमी पडले. बाई म्हणाल्या, "इतने साल ये आपको सूँघ के सोया है. आज अजनबी को सूँघ के जाएगा क्या?" तो माणूस परत आला. कुत्र्याच्या मानेखाली त्याने हात घातला. सगळं संपल्यावर तो तसाच उभा राहिला आणि बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाहेर बाकावर मांजर घेऊन बसलेल्या बाईला त्यांनी खुणेने थांबायला सांगितलं.

इतकं सगळं असून बाईंच्या स्वतःच्या घरी कधी कुत्रा नव्हता. याचं आम्हाला नवल वाटायचं. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, दिवसभर मी दुसऱ्यांच्या कुत्र्यांजवळ असते, माझा घरात एकटा बसून काय करील. ते बोलून त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि सुधीरला आमटी वाढायला सांगितली. विषय तिथेच संपला.

मग पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात मिर्झासाहेबांचा निरोप आला. बाईंना मोपेडवरून एवढं लांब जाववेना, म्हणून रविवारी आमच्या गाडीतून मी त्यांना घेऊन गेले. आमराई विकली गेली होती. मिर्झासाहेबांची मुलं त्यांना कानपूरला आपल्याजवळ नेणार होती, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्र्यांना जागा नव्हती. एकेकाळी त्यांच्याकडे पॉइंटरांची मोठी रांग असायची. शिकारीवर बंदी आली, बंदुका कपाटात गेल्या, कुत्री कमी होत गेली. आता दोनच उरली होती. एक सुधीरने पाहिलेली ती कुत्री, जी आता म्हातारी झाली होती आणि जिच्या पोटात मोठी गाठ होती. दुसरा तिचाच मुलगा बादल, दीडेक वर्षाचा, उमदा. लोकांना पिल्लू हवं असतं, एवढा वाढलेला कुत्रा कुणी न्यायला तयार नव्हतं.

मिर्झासाहेब पांढऱ्या अंगरख्यावर शाल घेऊन उन्हात खुर्चीवर बसले होते. आम्हाला एवढ्या लांब यायची तसदी दिली म्हणून त्यांनी आधी माफी मागितली, चहा मागवला, आणि मग म्हणाले, दोघांनाही झोपवा.

कुत्रीला पाहून बाई म्हणाल्या की हिच्याबाबत तुमचं बरोबर आहे, हिला फार वेदना होत असणार. मिर्झासाहेबांना काही सांगावं लागलं नाही. ते खुर्चीतून उतरून गवतावर बसले आणि त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती गेल्यावर त्यांनी शाल काढून तिच्यावर घातली.

बादल जवळच झाडाला बांधलेला होता. सगळं त्याने पाहिलं होतं. बाई उठल्या, सिरिंज पुसून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, हा निरोगी आहे, याला मी हात लावणार नाही. कुणाला तरी देऊन टाका.

मिर्झासाहेबांनी वर पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही, ते नेहमीच्याच अदबीने बोलले. "किसको दूँ, डॉक्टर साहिबा? जो भी माँगने आया, मैंने आपके पास भेजा. आपने इस शहर में किसी को इसके लायक़ छोड़ा है?"

बाईंनी बादलकडे पाहिलं. मग झाडाजवळ जाऊन त्यांनी साखळी सोडली आणि आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं. परतीच्या वाटेवर बादल मागच्या सीटवर उभा होता आणि बाई त्याच्या शेजारी अंग चोरून बसल्या होत्या. चौक ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "नीला, मीच माझी परीक्षा घेतली असती ना, तर मले मी हाकलून लावलं असतं."

अशा रीतीने लखनौतल्या सगळ्या नवख्यांना पॉइंटर घेऊ नका म्हणून सांगणाऱ्या बाईंचा स्वतःचा पहिला कुत्रा पॉइंटर निघाला, तेही साठीला टेकल्यावर.

त्यांनी त्याचं नाव बदललं नाही. त्या पहाटे उठू लागल्या. डोक्याला कानटोपी, साडीवर नवऱ्याचा जुना रेल्वेचा ओव्हरकोट, पायात तेच कॅनव्हासचे बूट. इंदिरा नगर तेव्हा आजच्यासारखं संपत नाही संपत नाही असं नव्हतं. शेवटच्या घरांच्या पलीकडे मोहरीची शेतं लागायची, मग पडीक जमीन, मग कुकरैलच्या जंगलाची झाडी. तिथे नेऊन त्या त्याला सोडायच्या.

पहिल्या दिवशी काय झालं ते त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं. बादल खूप पळाला आणि एका बाभळीच्या झुडपापाशी थांबला. पाय वर, नाक पुढे. बाईंनी आयुष्यभर कुत्र्यांची पोटं, कान, दात पाहिले होते, पण शिकारी कुत्रा आपल्या कामावर असतो तेव्हा माणसाने काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. तोही उभा राहिला. कोहऱ्याने दोघं ओली झाली.

"माह्याकडे पाहतही नव्हता तो," त्या म्हणाल्या. "त्याले वाटे, त्यानं त्याचं काम केलं, आता मी माझं करीन."

त्यांनी कानपूरला फोन लावून मिर्झासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्याच्या बाजूने चालत पुढे जा, पक्षी पायाने उठवा, तो उडाला की याला शाबासकी द्या. बंदूक नसली तरी चालेल, पण त्याचं काम अर्धवट सोडू नका. तेव्हापासून बाई रोज सकाळी ओव्हरकोट सावरत झुडपात शिरायच्या, हातांनी फांद्या हलवायच्या, तोंडाने हुश्श हुश्श करायच्या. तितर फडफडत उडाला की वळून म्हणायच्या, "शाब्बास रे माह्या राजा." शेतावर येणाऱ्या लोकांना ही डॉक्टरीण खुळी झाली असं वाटायचं. एकदा सुधीर मुद्दाम पाहायला गेला. परत आल्यावर तो थट्टा करील असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, आपण घेतला नाही ते बरं केलं, मला हे जमलं नसतं.

बाई बदलल्या. दवाखाना उशिरा उघडू लागल्या, पण उघडताना चेहरा ताजा असायचा. बोलताना "आम्ही" म्हणू लागल्या. आम्ही आज नाल्यापर्यंत गेलो, आम्हाला काल गोचीड लागली. थंडीत बादलच्या अंगावर केस कमी म्हणून जुन्या ब्लँकेटचा अंगरखा शिवला. लोकांना प्रश्न विचारायचं थांबलं नाही, पण आता एखाद्याला परत पाठवताना त्याला चहा पाजायच्या आणि सांगायच्या की तुझं चुकलं नाही, वेळ चुकली.

अशी तीन-चार वर्षं गेली. ती बाईंची सगळ्यात सुखाची वर्षं होती असं मला वाटतं, अर्थात आधीची मी पाहिलेली नाहीत.

मग पडीक जमिनीवर खांब रोवले गेले. एकेका हिवाळ्यागणिक मोहरीची शेतं मागे सरकत गेली, तिथे विटांचे ढीग आले, वाळूचे ट्रक आले. पळवायला आणखी लांब जावं लागू लागलं आणि नेमके त्याच काळात बाईंचे गुडघे गेले. आधी त्या कुरकुर न करता जायच्या. मग काठी आली. एका सकाळी बादल वासामागे लांब गेला, बाई एका नव्या बांधकामाच्या पायाच्या खड्ड्यात पडल्या आणि एका गवंड्याने त्यांना बाहेर काढलं. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. बादल तोवर झुडपापाशी उभाच होता. गवंडी म्हणाला, त्याला पाठीमागून दोन्ही हातांनी उचलावा लागला, तो जागचा हलेना.

सुधीर रोज त्याला न्यायला लागला. त्याने मनापासून केलं. पण ऑफिसच्या आधी पट्टा धरून कॉलनीला दोन चकरा, एवढंच त्याला शक्य होतं. काही आठवड्यांनी बादलच्या पुढच्या पायावर एक जागा दिसू लागली, केस गेलेली, लाल. तो ती सारखी चाटत बसायचा. मला वाटलं खरूज असेल. बाईंनी चष्मा लावून एकदाच पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हा रोग नाई नीला. ज्या कुत्र्याले कामच उरलं नाई, तो असा स्वतःलेच खातो."

त्यांनी पट्ट्या बांधून पाहिल्या. तो त्या सोडायचा. उशा फाडल्या, दाराची चौकट कुरतडली. बाई रागावल्या नाहीत. दिवसभर तो त्यांच्या पायाशी डोकं टेकून पडायचा आणि त्यांच्या चपलांचा जरा आवाज झाला की उठून दाराशी जाऊन उभा राहायचा. मग त्या दाराकडे पाहायच्या नाहीत.

आम्ही दोघांनी बोलून ठरवलं आणि एका रविवारी सुधीर म्हणाला, बाई, त्याला आम्ही घेतो. आम्ही इथेच आहोत, तुम्ही रोज येऊन भेटा. खरं तर आम्हाला त्यांच्यापासून तो तुटू द्यायचा नव्हता. बाईंनी सुधीरकडे खूप मायेने पाहिलं.

"तुम्ही चांगली माणसं आहात. पण नाही."

सुधीर म्हणाला, निदान तुम्हाला तरी त्याची सोबत राहील.

"मले सोबत पाहिजे म्हणून त्यानं सडायचं काय?" बाई म्हणाल्या. हेच एक वाक्य त्या जरा जोरात बोलल्या, आणि लगेच त्यांनी खाली पाहिलं, बादलच्या पाठीवर हात ठेवला, त्याने मान खाली घातली आहे का ते तपासलं.

घर शोधायला बराच काळ लागला. शेवटी छावणीतल्या एका मेजरची बायको भेटली, कोल्हापूरकडची, शिर्के नावाची. लहानपणापासून वडिलांकडे शिकारी कुत्री पाहिलेली, स्वतः रोज सकाळी धावायला जाणारी तरुण मुलगी. बंगल्यामागेच कवायतीचं मोठं मैदान आणि त्याच्या पलीकडे गवताळ जमीन. बाईंनी तिला प्रश्न विचारले. मी तिथे होते. नेहमीचेच प्रश्न, पण त्यांचा आवाज इतका खाली होता की त्या मुलीला दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं. बदलीचं काय, यावर ती म्हणाली की फौजेत बदल्या व्हायच्याच, पण जिथे जाऊ तिथे मैदान असतंच. बाईंनी मान हलवली.

आम्ही बादलला घेऊन गेलो. बाईंनी त्याचा अंगरखा, वाडगं, औषधं दिली. गोचिडीचा ताप कसा ओळखायचा ते सांगितलं. याच्यावर ओरडायचं नाही हे सांगितलं. मग म्हणाल्या, "तो कुठं थांबला ना, की जवळ जायचं. पक्षी उठवायचा. नुसतं उभं राहू द्यायचं नाही त्याले."

शिर्के म्हणाली, "काकू, मी त्याला आत खायला घालते, तेवढ्यात तुम्ही निघा. त्याला कळणार नाही."

बाई नको म्हणाल्या. काठी माझ्याकडे दिली, माझा खांदा धरून कष्टाने पायरीवर बसल्या आणि बादलला जवळ घेतलं. त्याने त्यांची मान हुंगली, कान हुंगले. बाई त्याच्याशी त्यांच्या वऱ्हाडीत हळू आवाजात बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, "मी चालली. तू इथंच राहायचं." मग उठल्या आणि गाडीपर्यंत चालत गेल्या. मागे साखळी ताणल्याचा आवाज आला, मग त्याचं रडणं. बाईंनी दार ओढून घेतलं. गाडी बरीच पुढे आल्यावर त्या म्हणाल्या की तुझ्याकडे चहा घेऊ, घरी आत्ता नको जायला.

शिर्केचा अधूनमधून माझ्या बँकेत फोन यायचा. पहिले काही दिवस तो जेवला नाही. मग जेवला. मग पळू लागला. पायाची जखम भरली, केस आले. मी बाईंना सांगायचे, त्या ऐकून घ्यायच्या. एकदा मी म्हटलं, रविवारी गाडी काढते, भेटून येऊ. त्या म्हणाल्या, नको. मी दिसले की त्याचं मन पुन्हा दोन ठिकाणी होईल. मी जाणार नाही, तूही मला विचारू नको. मी पुन्हा विचारलं नाही. दवाखाना त्यांनी हळूहळू आवरता घेतला. घरात कुत्र्याची एकही वस्तू ठेवली नव्हती, फक्त दाराची कुरतडलेली चौकट त्यांनी बदलून घेतली नाही.

पुढच्या वर्षी आमची पुण्याला बदली झाली. सुधीर सामान घेऊन आधी गेला. मला बँकेतला चार्ज द्यायचा होता म्हणून मी आठवडाभर मागे राहिले आणि मग विमानाने निघाले. आदल्या दिवशी दुपारी बाईंकडे जेवले. त्यांनी मला साडी दिली, डोक्यावरून हात फिरवला, आणि पुण्याला गेल्यावर उगाच कुत्रं घेऊ नकोस म्हणाल्या. त्या नंतर परतवाड्याला पुतण्याकडे गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. पुतण्याने फोन करून कळवलं. पण माझ्यापुरत्या बाई शेवटच्या दिसल्या त्या मी निघाले त्याच दिवशी.

मार्चमधली सकाळ होती. अमौसीच्या विमानतळावर जाताना आलमबागेत रस्ता खोदलेला आहे म्हणून टॅक्सीवाल्याने गाडी छावणीतून घेतली. पश्चिमेचा कोरडा पछुआ वारा सुटला होता, रस्त्याभर पानं उडत होती. मैदानाच्या कडेने जाताना मला शिर्के दिसली, लांब, ट्रॅकसूट घालून धावताना. तिच्या पुढे एक पांढरा कुत्रा गवतात नागमोडी पळत होता. मी काच खाली केली.

मैदानाच्या अलीकडे, पूर्वेच्या बाजूला एक पुलाचा कठडा होता. त्यावर रेल्वेचा ओव्हरकोट घातलेली एक बाई बसली होती, काठी गुडघ्यांवर आडवी. इंदिरा नगरहून पहिल्या टेंपोने, मग रिक्षाने, या पायांनी त्या इथवर आल्या होत्या, आणि एकंदर बसण्यावरून ती काही पहिली वेळ दिसत नव्हती. वारा मैदानावरून त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांचा वास त्याच्याकडे जाणार नाही, अशी जागा पाहून त्या बसल्या होत्या.

"मैडम, रोकूँ क्या? आप की पहचान की हैं?" ड्रायव्हरने विचारलं.

मी नाही म्हटलं. मी दिसले असते तर बाई उठून निघून गेल्या असत्या.

गाडी वळेपर्यंत मी मागच्या काचेतून पाहत होते. कुत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता, आणि बाईंची कानटोपी त्याच्याबरोबर हळूहळू इकडून तिकडे वळत होती.